पावती कशाची फाडता?

नवरात्र जवळ आले की सुरतेजवळच्या सचिनमध्ये दोन प्रकारची पावतीपुस्तके फिरू लागतात. एक इथल्या मंडळाचे. त्यात मंडप, लाउडस्पीकर, आरतीचा प्रसाद असा नेहमीचा खर्च. दुसरे गावाकडचे. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, साक्री, शिंदखेडा, शहादा या पट्ट्यातून लूमवर, डाइंग मिलमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला आलेल्या माणसांकडे गावचाच कुणी मेहुणा, मावसभाऊ ते घेऊन येतो. वर देवाचे चित्र, खाली ‘जीर्णोद्धार समिती’, त्याखाली रिकामी रेघ. पगार नुकताच झाला असेल तर पाचशे एक, नसेल तर एकशे एक. नाही म्हणणारा विरळा. गाव सुटले तरी गावचा देव सुटत नाही, आणि देवाला नाही म्हटल्याची बातमी गावात आपल्याआधी पोचते.

देणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल इथे काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्या पैशाने होणाऱ्या कामाबद्दल. गावचे देऊळ साधे मातीविटांचे असेल तर प्रश्नच नाही, बांधा खुशाल. पण ते आठ-नऊशे वर्षांचे, काळ्या पाषाणाचे असेल, तर या वर्गणीतून त्याच्या वाट्याला येते ते असे: सांध्यांत सिमेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, खांबांना ऑइलपेंट, पुढे पत्र्याची शेड, दाराला स्टीलची ग्रिल. पैसा जरा जास्तच जमला तर जुने शिखर उतरवून वर काँक्रीटचे नवे. देवळे कोणी फोडली याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. ऑइलपेंटच्या डब्याने केलेले नुकसान मात्र कुठल्या बखरीत नोंदले जायचे नाही, कारण त्या डब्याचे पैसे आपण दिलेले असतात आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर आपले नाव असते.

सचिनला बसून खानदेशातल्या देवळांची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. सचिन हे प्राचीन मंदिरांसाठी आठवले जाणारे गाव नाही. हे गाव ओळखले जाते ते जीआयडीसीने आणि तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्राने. त्याआधी ते संस्थान होते आणि तेही अदलाबदलीतून निघालेले. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या मोबदल्यात सिद्दी घराण्यातल्या अब्दुल करीम खानाला, पेशव्यांशी झालेल्या करारातून, १७९१ मध्ये सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. म्हणजे इथला नवाबही कोकणातून आलेला. इथे प्रत्येकाचे मूळ दुसरीकडे कुठेतरी असते, आणि ज्याचे मूळ दुसरीकडे असते तोच गावाकडच्या देवळासाठी सर्वांत सढळ हाताने देतो. म्हणून ही उठाठेव इथूनच करायला हवी. पैसा इथून जातो.

आता पाटणकडे पाहा. चाळीसगावच्या नैऋत्येला, गौताळा अभयारण्याच्या कुशीत, पाटणादेवीचे ठाणे आहे. नवरात्रात सुरतेहून गाड्या भरभरून तिकडे जातात. देवीचे दर्शन होते, ओटी भरली जाते, डोंगराच्या पायथ्याला जेवणे होतात. त्याच परिसरात महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे. बहुतेक मंडळी त्याला बाहेरूनच नमस्कार करून पुढे जातात, कारण तिथे नारळ फोडायची सोय नाही आणि रांगही नाही.

त्या देवळातला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा. तेव्हा इथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक खानदेशातल्या सोळाशे गावांचे धनी म्हणवत. लेखात सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी: इंद्रराजाने शिवाचे देऊळ बांधायला घेतले आणि ते पुरे होण्याआधीच तो वारला. मुलगा गोवन लहान होता. तेव्हा राज्य चालवले राणी श्रीदेवीने, आणि नवऱ्याने अर्धे सोडलेले देऊळ या मायलेकांच्या काळात पुरे झाले. बाराव्या शतकात खानदेशचा कारभार एक विधवा स्त्री पाहत होती, तिचे नाव त्याच दगडात आहे, आणि आपल्या लेकी-सुना त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर ओटी भरून परत येतात. त्यांना हे कुणी सांगितलेलेच नाही.

पाटणचा दुसरा लेख याहून मोलाचा आहे. तो तिथल्या भवानीच्या पडक्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो जगापुढे आणला. लेखाचा काळ शके ११२८. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. आजोबांनी लिहिलेले ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिले ते श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. ग्रहण कधी लागणार हे ज्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या गणित करून सांगितले, त्याच घराण्याच्या शाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान! हा योग सोइदेवाने जाणून साधला असेल तर त्याच्या रसिकतेला दाद द्यायला हवी. पाटण हेच भास्कराचार्यांचे गाव का, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी नातवाची शाळा पाटणला होती यात शंका उरत नाही, कारण ते दगडावर लिहिलेले आहे.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटी दानाचा तपशील आला की मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. राजाची स्तुती संस्कृतात, देण्याघेण्याचा हिशेब मराठीत. ज्यांच्याकडून वसूल करायचे त्यांना ते कळले पाहिजे ना! आणि वसूल करायचे होते ते बाजारातून. पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळणारे ठरीव नाणे मठाला. गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या मठाला. पहिल्या घाण्याची लोटी मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल मठाला. गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे. पळी हा शब्द आणि ती वस्तू खानदेशातल्या घरांत अजून आहे.

हा हिशेब मला फार आवडतो. त्यात देवाच्या चमत्काराची एक ओळ नाही. तेल, सुपारी, माप आणि गिऱ्हाईक. गणित शिकवणारी संस्था चालायची तर रोजचे उत्पन्न लागते हे ते लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. एकदाच मोठी देणगी घेऊन पाटी लावणे ही त्याची रीत नव्हती. घाणा चालला की तेल आले, तेल आले की दिवा लागला, दिवा लागला की पोरांनी पाठ घोकला. ती पोरे काय शिकत असतील? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त खणलेल्या खड्ड्याचे घनफळ आहे, विटांच्या राशीचा हिशेब आहे, करवतीने कापायच्या लाकडाचा आहे, धान्याच्या ढिगाचा आणि सावलीचाही आहे. व्याज आहे, भागीदारी आहे. बाजारात आणि बांधकामावर उभ्या राहिलेल्या माणसाला लागणारे हे गणित आहे. आपल्या पावतीपुस्तकावर ‘विद्यार्थ्यांसाठी’ असा एक रकाना छापायला कुणाची ना असेल असे वाटत नाही, पण अजून कुणाला ते सुचलेले नाही.

भास्कराचार्यांच्याच कुळातल्या अनंतदेवाने चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला शके ११४४ मध्ये भवानीचे देऊळ बांधले. तोही सिंघणाचा ज्योतिषी. म्हणजे एकाच तालुक्यात, एका पिढीच्या अंतरात, गणित्यांच्या घराण्याची एक शाळा आणि एक देऊळ. पुण्या-मुंबईच्या कुठल्या उपनगराकडे एवढे भांडवल असते तर त्यांनी आतापर्यंत दरवर्षी महोत्सव भरवला असता.

चाळीसगावजवळच्याच वाघळीची गोष्ट तर सचिनकरांनी घरात चौकटीत लावावी अशी आहे. वाघळीच्या देवळातला लेख शके ९९१ चा, म्हणजे इ. स. १०६९ चा. तेव्हा यादव सेउणचंद्राचा मांडलिक गोविंदराज तिथे होता. घराणे मौर्य. त्याने शिवाचे देऊळ उभारले आणि जोडीला अन्नसत्र ठेवले. हे मौर्य मूळचे कुठले? लेखच सांगतो की त्यांचे जुने ठाणे सौराष्ट्रातली वलभी. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी गुजरातेतून खानदेशात आलेल्या एका घराण्याने तिथे देऊळ बांधले आणि वाटसरूंच्या जेवणाची सोय केली. आज त्याच मुलखातली माणसे उधना-जळगाव लोहमार्गाने उलट्या दिशेने येतात आणि सुरतेच्या कडेला खोल्या घेऊन राहतात. परप्रांतीय कोण, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना निवडणुकीत फार आवडतो. त्यांनी तो वाघळीला जाऊन विचारावा.

या देवळांची घडणही अशीच वाटावाटांनी आलेली आहे. ज्याला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो त्यातले पुष्कळसे हेमाडपंताच्या जन्माआधीचे. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री होता. पाटणचे देऊळ त्याच्या शंभर वर्षे आधीचे. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख असलेले शिलाहारांचे अंबरनाथ दोनशे वर्षे आधीचे. सिन्नरचा गोंदेश्वर, मालेगाव-धुळे रस्त्यालगतच्या झोडग्याचा माणकेश्वर, अंबरनाथ, यांच्या शिखरांची जात एक: भूमिज. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाळीदार नक्षीचा एकेक उभा पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान-लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या रांगा, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. ही तऱ्हा माळव्यात परमारांच्या राज्यात रुजली. विदिशेजवळच्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर, अकराव्या शतकातले, हा तिचा ठळक नमुना. तिथून ती खाली खानदेशात आणि गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. भास्कराचार्यांच्या एका पूर्वजाला ‘विद्यापती’ ही पदवी दिली ती परमार भोजानेच, हे पाटणच्याच लेखात आहे. शिखराची तऱ्हा आणि विद्वानांचे घराणे, दोहोंचा माग काढला की आपण माळव्यात पोचतो.

गुजरातेत सोळंक्यांच्या काळात, मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरासारख्या ठिकाणी, याच सुमारास वेगळी रीत चालली होती. तिथला दगड मऊ वालुकाश्म, सोन्यासारख्या रंगाचा. त्यावर छिन्नी सहज चालते, म्हणून नक्षी दाट आणि खोल. खानदेशातला दगड कठीण, काळा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. त्यावर तितके बारीक काम करायला छिन्न्या जास्त झिजतात. म्हणून इथल्या कारागिराने पुष्कळसे काम रेषेवर आणि कोनावर सोपवले. भिंत सरळ न ठेवता ती पुढे-मागे, पुढे-मागे मोडत नेली, इतकी की पायाचा आराखडा ताऱ्यासारखा होतो. उन्हे चढली-उतरली की त्या कोनांवर सावल्या फिरतात आणि भिंत हलते आहे असे वाटते. अशा भिंतीला पिवळा-लाल-निळा रंग फासला की ते सारे कोन एका क्षणात सपाट होतात. रंगाच्या डब्याबद्दलचा राग आहे तो यासाठी. तो धर्माचा प्रश्न नाही, डोळ्यांचा आहे.

पण रंग हा सर्वांत किरकोळ अपराध. रंग काढता येतो, तज्ज्ञाच्या हाताने, वेळ लावून. सिमेंटचे तसे नाही.

ही देवळे चुन्याशिवाय उभी आहेत. दगड घडून, एकावर एक नेमके बसवून, केवळ वजनावर तोललेले. छताला खरी कमान नसते. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तिरपे दगड, की वरची मोकळी जागा लहान होते. त्यावर पुन्हा तिरपे, ती आणखी लहान होते. शेवटी उरलेल्या भोकावर एक कोरीव कमळ. मोठ्या मंडपात हेच गोल थरांनी होते, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत. उतरंडीच्या मडक्यांसारखा हा सगळा कारभार एकमेकांच्या भरवशावर. आत डोकावणारा प्रत्येक दगड पडत नाही तो त्याच्या मागच्या टोकावर वरचे वजन बसले आहे म्हणून. कुणी ‘वरचा जुना बोजा काढून टाकू, हलके होईल’ म्हणून वरचे दगड उतरवले तर ज्या वजनाने छत धरून ठेवले होते तेच गेले. वर काँक्रीटची स्लॅब टाकली तर वजन आले, पण भलत्या जागी.

आणि पाणी. खानदेशात पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा झोडपून पडतो. जुन्या कारागिराने पाण्याशी भांडण केले नाही, त्याला वाट दिली. छज्ज्याची खालची कड अशी उतरवली की थेंब भिंतीला न लागता खाली पडावा. सांधे मोकळे, म्हणजे आत शिरलेले पाणी झिरपून बाहेर येते आणि वाऱ्याने सुकते. आपण त्या सांध्यांत सिमेंट भरतो. वरून कुठून तरी पाणी शिरतेच, पण बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. ते आत साचते, सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. त्या ओलीवर पिंपळ पोसतो. मुळे सांध्यांत घुसून दगड बाजूला सारतात. मग समिती म्हणते, देऊळ मोडकळीला आले, आता पुरते उतरवूनच बांधावे लागेल. नवे पावतीपुस्तक छापले जाते.

टाइल्सचे असेच. जुन्या फरशीवर सिमेंटचा थर आणि त्यावर टाइल, म्हणजे जमीन सहज दोन-तीन बोटे वर येते. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख अर्धे गाडले जाते. प्रणाल, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी मोरी, खाली राहते किंवा बुजते. रोज सकाळी बादलीभर पाणी पिंडीवर ओतले जाते आणि ते सगळे देवळाच्या पायात मुरते. ज्या समितीने एवढ्या हौसेने टाइल बसवली, तीच रोज थोडी-थोडी करून देवळाचा पाया भिजवत असते. अंबरनाथला गाभारा मंडपाच्या बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. तिथे ‘सोयीसाठी’ जमीन सारखी करायचे कुणाच्या डोक्यात आले असते तर हजार वर्षांचे एक नाटक संपले असते: उजेडातून अंधारात उतरायचे, आणि गाभाऱ्यात पोचल्यावर पुन्हा डोक्यावर उघडे आभाळ.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. गावातला माणूस मूर्ख नाही. त्याची तक्रार साधी आहे. देऊळ गळते. म्हातारी आई चढणीवर घसरते. उन्हात बायका रांगेत उभ्या राहतात. शेजारच्या गावाने गुलाबी दगडाचे, राजस्थानातून कोरून आणलेले देऊळ बांधले आणि आपला महादेव अजून काळा-मिट्ट. “आपलं मंदिर बी मार्बलनं व्हयनं जोयजे,” असे सचिनच्या खोलीत बसून म्हणणाऱ्याच्या मनात आपल्या गावाबद्दलची लाज आणि प्रेम दोन्ही असते. देऊळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व खाते येते. १९५८ चा कायदा, त्यातली २०१० ची दुरुस्ती: वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने. मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. निळ्या पाटीवर या शिक्षेचा इशारा ठळक असतो. त्याच पाटीवर हे देऊळ कुणी बांधले, लेखात काय लिहिले आहे, याच्या चार ओळी गावच्या भाषेत लिहायला खात्याचा किती रंग संपणार होता? ज्याला फक्त धमकी वाचायला मिळते तो राखणदार होत नाही, तो चोरून काम उरकायचे शिकतो. रात्रीत टाइल बसवलेल्या देवळांचा दोष निम्मा खात्याच्या खाती टाकायला माझी हरकत नाही.

आणि जी देवळे कुठल्याच यादीत नाहीत त्यांचे काय? खानदेशात अशी ठायी-ठायी आहेत. गावाबाहेरचा एक पडका मंडप, चार खांब, एक शेंदूर फासलेली द्वारशाखा, पायरीला लावलेली वीरगळ. तिथे कायदा पोचत नाही आणि खातेही नाही. तिथे फक्त समिती पोचते, आणि समितीच्या मागे सुरतेचा पैसा. म्हणून सगळी भिस्त शेवटी देणाऱ्यावर येते. पैसे देताना तो एकच प्रश्न विचारू लागला तरी पुष्कळ फरक पडेल: काम काय करणार आहात?

उत्तर ‘रंग आणि टाइल’ असेल तर पैसे द्यायचे नाहीत, असे सांगणारा माणूस गावात बदनाम होईल, हे मान्य. पण त्याला दुसरे काम सुचवता येते, आणि ती कामे स्वस्त आहेत. प्रणाल मोकळी करा आणि पाणी देवळापासून दूर जाईल असा चर खणा. छतावरची माती आणि गवत काढा. पिंपळ उपटू नका, कारण मुळे खेचली की दगड त्यांच्याबरोबर निघतात. तो कापा आणि मुळे जागीच मारण्याचा उपाय जाणकाराला विचारा. सुटे पडलेले कोरीव दगड ट्रॉलीत भरून नदीत टाकू नका, पायऱ्यांत बसवू नका. त्यांवर क्रमांक घाला आणि एका जागी लावून ठेवा. प्रत्येक दगड कुठल्यातरी जागेचा असतो. शेड हवीच असेल तर ती देवळाला न टेकवता, स्वतःच्या खांबांवर, चार पावले दूर उभी करा. भक्तांना सावली मिळेल आणि भिंतही वाचेल. नवे भव्य मंदिर बांधायची हौस असेल तर ते सचिनमध्ये बांधा, गुलाबी दगडाचे, सोमपुऱ्यांच्या हातचे. त्यांची विद्याही जुनीच आहे आणि ते काम ते उत्तम करतात. फक्त त्यासाठी गावाकडचे जुने पाडायची गरज नाही.

आणखी एक. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला अशी जुनी देवळे आणि एक मठ आहे. तिथला शके ११०६ चा लेख राजमठाच्या दुरुस्तीचा आहे. म्हणजे बाराव्या शतकातही इमारती मोडकळीला येत, लोक त्या दुरुस्त करत, आणि दुरुस्ती केल्याची नोंद ठेवत. जीर्णोद्धार आपण शोधून काढलेला नाही. फरक इतकाच की त्यांच्या दुरुस्तीनंतर मठ उरला आणि लेखही उरला. आपल्या दुरुस्तीत लेख असलेला दगड बहुधा प्लॅस्टरखाली जातो. काम सुरू करण्याआधी देवळाचा प्रत्येक कोपरा मोबाइलने टिपून ठेवायला खर्च काही नाही. सुरतेच्या प्रत्येक मराठी खोलीत निदान एक तरी पोरगा असा आहे ज्याला हे काम सांगितले तर तो दिवसभर उपाशी राहून करील.

दगडावर अक्षरे दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली, तर त्यांवर हळद-कुंकू टाकण्याआधी कुणाला तरी दाखवा. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे तिथेच १९२६ च्या डिसेंबरात वारले आणि त्यांची दप्तरे, कागदपत्रे सांभाळायला ते उभे राहिले. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण पुणे कशाला? उधन्याहून चाळीसगावला रस्त्याने जाणारी गाडी नवापूर, साक्री करत धुळ्यावरूनच जाते, आणि ती तिथे चहाला थांबतेच.